वाचकांचे प्रश्न : गोठ्यामागच्या वाफेच्या रोलरची किंमत कशी ठरवावी?

प्रश्न : आमचे आजोबा रस्त्यांच्या कामाची कंत्राटे घेत असत. त्यांनी १९६४ च्या सुमारास सरकारी लिलावात घेतलेला वाफेचा रोडरोलर आजही आमच्या गोठ्यामागे उभा आहे. पुढच्या भागावर ढाल घेऊन बसलेल्या स्त्रीची आकृती आहे आणि ‘मार्शल, सन्स अँड कंपनी, गेन्सबरो’ अशी अक्षरे वाचता येतात. चाके वीतभर जमिनीत रुतली आहेत, चिमणी गंजली आहे आणि आजोबा गेल्यापासून त्यात कोणी विस्तव घातलेला नाही. आता आम्हा तिघा भावांत वाटणी व्हायची आहे. गावातला भंगारवाला वजनावर भाव सांगतो. मुंबईहून आलेले एक गृहस्थ त्याच्या दीडपट रक्कम देऊ करतात, पण आठ दिवसांत निर्णय हवा असे म्हणतात. योग्य किंमत कशी कळावी? विकण्यापूर्वी रंग देऊन घ्यावा काय?
— एक वाचक, ता. कराड, जि. सातारा

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तेथे घाई झाली तर पुढचे सारे व्यर्थ जाईल. रंग मुळीच देऊ नका, तारेच्या ब्रशने घासू नका आणि कोणालाही गॅसकटर लावू देऊ नका. जुन्या रंगाच्या थराखाली कधी खात्याची अक्षरे, कधी यंत्राचा अनुक्रमांक दडलेला असतो आणि तोच आपल्या रोलरच्या किमतीचा पाया आहे. काही वर्षांपूर्वी एका गावी असाच एक रोलर पाहायला मी गेलो, तेव्हा मालकांनी मोठ्या हौसेने त्याला वरपासून खालपर्यंत चंदेरी रंग फासला होता आणि कारखान्याची पट्टी ‘फारच कळकट दिसते’ म्हणून आधीच काढून दिली होती. तो रोलर कोणत्या वर्षाचा होता, हे आम्हाला अखेरपर्यंत सांगता आले नाही.

आता किमतीकडे वळू. आपल्यापुढे आलेल्या दोन्ही रकमा लोखंडाच्या वजनावरूनच निघालेल्या आहेत. मुंबईच्या गृहस्थांनीही भंगाराच्या भावाला दीडने गुणले आहे, एवढेच. ही तळाची किंमत असून ती आपण स्वतः काढू शकता. त्या काळच्या रोलरचे वजन ब्रिटिश टनांत सांगत आणि तो टन सुमारे १,०१६ किलोंचा होता, म्हणजे ‘दहा टनी’ रोलर नाममात्र १०,१६० किलोंचा झाला. समजा, मिश्र लोखंडाचा भाव किलोला ३० रुपये धरला, तर ३,०४,८०० रुपये होतात. प्रत्यक्षात पोलादी पत्रा, बीड आणि पितळ यांचे भाव वेगवेगळे असतात, तेव्हा आपल्या भागातील दोन-तीन ठिकाणी ते विचारून घ्यावेत. भंगारवाला कापण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्च वजा करूनच रक्कम सांगतो, हेही ध्यानात ठेवावे. या आकड्याच्या खाली कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये, इतकाच त्याचा उपयोग आहे.

त्यापुढची किंमत यंत्राची ओळख पटल्यावर ठरते. आपल्या वर्णनावरून हा रोलर इंग्लंडमधील लिंकनशर परगण्यातल्या गेन्सबरो गावच्या मार्शल कंपनीचा दिसतो. तिच्या कारखान्याचे नाव ‘ब्रिटानिया आयर्न वर्क्स’ होते आणि ढालधारी स्त्री ही त्या ब्रिटानियाचीच आकृती आहे. (समोर मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा असता, तर तो केंटमधल्या रॉचेस्टरच्या एव्हलिंग अँड पोर्टर कंपनीचा ठरला असता. आपल्याकडे त्याही कंपनीचे रोलर आले होते.) मात्र नाव कळल्याने भागत नाही, क्रमांक हवा. तो कारखान्याच्या पट्टीवर असतोच, शिवाय इंजिनाच्या फिरत्या भागांवरही ठोकलेला आढळतो. रॉकेलात भिजवलेल्या मऊ फडक्याने तेलकट थर हळूहळू काढावा, क्रमांक दिसला की तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे आणि अशा सर्व जागांचे क्रमांक एका वहीत लिहून ठेवावेत. ते एकमेकांशी जुळले, तर आपल्यापुढे उभे असलेले यंत्र एकाच इंजिनाचे आहे असे म्हणता येते. जुळले नाहीत तर खात्याच्या कार्यशाळेत दोन रोलरांचे भाग एकत्र करून एक चालू केला असण्याची शक्यता असते. ते दूषण मानू नये, पण किमतीत फरक पडतो.

क्रमांक हाती आला की त्यावरून बांधणीचे वर्ष, इंजिनाचा प्रकार आणि पुष्कळदा यंत्र कोणासाठी पाठवले गेले, याचा शोध घेता येतो. ब्रिटनमध्ये अशा इंजिनांच्या इतिहासाचे काम १९३७ मध्ये स्थापन झालेली रोड लोकोमोटिव्ह सोसायटी करते. रेडिंग येथील इंग्लिश ग्रामजीवनाच्या संग्रहालयातही अशा यंत्रांच्या अनेक कारखान्यांची कागदपत्रे जतन केलेली आहेत. दोन्हीकडे छायाचित्रांसह ईमेल पाठवावा.

इकडचा शोध मात्र आपल्यालाच घ्यावा लागेल आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. बाष्पकांच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक बॉयलरची नोंदणी होत असे आणि नोंदणी क्रमांक बॉयलरवर कायमचा कोरावा लागे. तो सापडला, तर राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडे त्या क्रमांकाची जुनी नोंद आहे काय, हे लेखी विचारता येते. आजोबांची लिलावाची पावती, रक्कम भरल्याचे चलन, यंत्र ताब्यात दिल्याचे पत्र यांसाठी घरातल्या ट्रंका धुंडाळाव्यात. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. त्यापूर्वी ग्रामीण रस्त्यांचे बरेचसे काम जिल्हा लोकल बोर्डांकडे होते आणि आपल्या परिसरात फलटण, औंध, सांगली, कोल्हापूर अशी संस्थानेही होती. रोलर मूळचा बोर्डाचा, बांधकाम खात्याचा की एखाद्या दरबारचा होता, हे कागदाने सिद्ध झाले, तर त्याच यंत्राकडे संग्राहक निराळ्या नजरेने पाहतो. शिवाय मालकी सिद्ध करायलाही हेच कागद लागतील. त्यांच्याशिवाय जाणता खरेदीदार व्यवहार करणार नाही आणि जो करील त्याच्यापासून आपणच सावध राहावे.

तिसरी गोष्ट म्हणजे यंत्र किती पुरे आहे. लोखंडाची चाके आणि बॉयलर कोणी सहज पळवत नाही, पण वाफेचा दाब दाखवणारा मीटर, शिटी, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीचे कॉक, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर, तेलाच्या पितळी कुप्या हे सुटे भाग चोरीला जातात आणि नेमके तेच पुन्हा मिळवणे कठीण असते. जे जागेवर असेल त्याचे जागेवरच छायाचित्र घ्या आणि मग निघण्याजोगे भाग चिठ्ठी बांधून घरात ठेवा. स्टिअरिंगची साखळी, पुढचा दुभंगलेला रूळ (तो दोन तुकड्यांचा असतो, म्हणजे वळताना रस्ता उकरला जात नाही), मागची दोन्ही चाके, फ्लायव्हील, गिअर यांचीही तपासणी करून नोंद करावी.

यानंतर बॉयलर. जाणत्या खरेदीदाराच्या हिशेबात सर्वांत मोठा आकडा याचाच असतो. वर्षानुवर्षे तळाशी पाणी आणि राख साचून राहिल्यास फायरबॉक्सच्या (म्हणजे विस्तव पेटतो त्या पेटीच्या) खालच्या कडेचा पत्रा आणि चिमणीकडील बाजूची ट्यूब-प्लेट (धुराच्या नळ्या, म्हणजे ट्यूबा, जिच्यात बसवलेल्या असतात तो पत्रा) आधी खंगते. ट्यूबा बदलता येतात, ते नेहमीचे काम आहे. परंतु फायरबॉक्सच गेला असेल, तर दुरुस्तीचा खर्च रोलरच्या किमतीहून जास्त होऊ शकतो. एखाद्या बॉयलर तंत्रज्ञाला बोलावून पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक उपकरणाने मोजून घ्यावी. हे काम यंत्र न उघडता होते आणि त्या मोजणीचा कागद वाटाघाटीत आपल्या बाजूने बोलतो. माझी कळकळीची विनंती आहे की, ‘एकदा चालवून दाखवू, म्हणजे किंमत वाढेल’ या विचाराने बॉयलर कदापि पेटवू नका. १९२३ च्या बाष्पक अधिनियमाची जागा आता २०२५ च्या अधिनियमाने घेतली आहे, पण तपासणी आणि प्रमाणपत्राशिवाय बॉयलर वापरता येत नाही हे तत्त्व कायम आहे. त्याचे कारणही सरळ आहे : खंगलेला पत्रा दाबाखाली फाटला, तर जवळ उभा असलेला माणूस वाचत नाही.

एवढी माहिती जमल्यावर तुलनेचा प्रश्न येतो आणि तेथे पुष्कळांची फसगत होते. इंटरनेटवर इंग्लंडमधील रोलरची किंमत पौंडांत दिसते, ती आपण रुपयांत बदलतो आणि तेवढे पैसे आपलेच आहेत असे समजतो. ती किंमत बहुधा चालू स्थितीतल्या, बॉयलरची तपासणी झालेल्या यंत्राची असते आणि तीही मागितलेली असते, मिळालेली नव्हे. त्याहून मोठा फरक हौशी लोकांच्या संख्येचा आहे. ब्रिटनमध्येही एके काळी अशी इंजिने भंगाराच्या भावाने जात होती. १९५० मध्ये ऑक्सफर्डजवळच्या ॲपलफर्ड गावी आर्थर नॅपर या शेतकऱ्याने आपले वाफेचे इंजिन एका मित्राच्या इंजिनाशी शर्यतीत उतरवले, ते पाहायला लोक जमले आणि त्यातून पुढे मेळावे भरू लागले. मेळावे आले, पाठोपाठ सुटे भाग बनवणारे, बॉयलर दुरुस्त करणारे, विमा उतरवणारे आले आणि मग किमती चढल्या. आपल्याकडे हौशी माणसे आहेत, परंतु थोडी. त्यामुळे येथे ‘बाजारभाव’ असा तयार सापडत नाही, तो दोन-तीन खऱ्या इच्छुकांना यंत्र दाखवूनच कळतो. सरकारी खात्यांची जुनी यंत्रे एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या ई-लिलावांतून विकली जातात, तेथील आकड्यांवरून तळाच्या किमतीचा अंदाज येईल, त्याहून अधिक नाही.

वाटणीसाठी लेखी मूल्यांकन हवे असेल, तर भारतीय दिवाळखोरी व नादारी मंडळाकडे ‘यंत्रसामग्री’ या वर्गात नोंदणी असलेल्या मूल्यांककाकडे जावे. मात्र त्याला नुसते यंत्र दाखवू नका. कारखान्यातील यंत्रांची किंमत काढताना दरवर्षी घसारा वजा करण्याची रीत असते आणि त्या रीतीने जुन्या रोलरची किंमत पुन्हा भंगारावरच येऊन थांबते. क्रमांकांची वही, छायाचित्रे, जाडीची मोजणी, लिलावाची पावती आणि परदेशातून आलेले उत्तर अशी फाईल त्याच्यापुढे ठेवा आणि मूल्यांकन कशासाठी हवे आहे हे स्पष्ट सांगा. वाटणीसाठीची, विम्यासाठीची आणि तातडीच्या विक्रीची किंमत या तीन वेगळ्या रकमा असू शकतात आणि त्यात गैर काही नाही. तिघा भावांनी मिळून एकच मूल्यांकक नेमला, तर पुढचा वाद टळेल.

मुंबईच्या गृहस्थांना नम्रपणे दोन महिन्यांची मुदत मागा आणि तोपर्यंत विसार घेऊ नका. त्यांना रोलर खरोखर हवा असेल, तर ते थांबतील, कारण असा दुसरा रोलर त्यांना पुढच्या आठवड्यात कोठे मिळणार आहे? व्यवहार ठरल्यास क्रेन, लो-बेड ट्रेलर आणि रुतलेली चाके मोकळी करण्याचा खर्च कोणाकडे, हे आधीच लिहून घ्यावे. दहा टनांचे यंत्र गोठ्यामागून काढताना भिंत पाडावी लागली, तर तीही कोणाला तरी बांधून द्यावी लागेल.

प्रश्न : आमच्या वडिलांचा १९५६ सालचा फार्गो ट्रक शेडमध्ये आहे. मूळचे पेट्रोल इंजिन काढून त्यांनी डिझेल इंजिन बसवले होते. ट्रकला ‘व्हिंटेज’ नंबर मिळाला तर किंमत वाढेल असे एजंट म्हणतो. ते खरे आहे काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : एजंटाला पैसे देण्यापूर्वी नियम वाचून घ्यावा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. त्यात नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे आहे. परंतु ही सोय पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी आहे आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. आपला ट्रक मालवाहतुकीचा आहे आणि त्याचे इंजिन बदललेले आहे, म्हणजे दोन्ही कसोट्यांवर तो बाहेर राहतो. मालवाहू आणि औद्योगिक वाहनांना या नियमांत जागा द्यायला हवी होती, असे माझे मत आहे. ज्या वाहनांनी धरणांची खडी आणि कारखान्यांचा ऊस वाहिला, त्यांचा वारसा मोटारींपेक्षा कमी कसा?

तरीही आपल्या ट्रकला किंमत आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारानुसार डॉज आणि फार्गो ट्रक जोडले जात होते. आपला ट्रक त्यांपैकी असल्यास तो मुंबईच्या उद्योगाच्या इतिहासातला एक दुवा आहे. तेव्हा चासीवरचा क्रमांक आणि आरसी बुकातला क्रमांक जुळतो का, हे पहिल्यांदा पाहा. बदललेल्या इंजिनाने फार खंतावू नका. इंधनाचा खर्च वाचवण्यासाठी त्या काळी असंख्य मालकांनी तसे केले आणि तो बदल आरसी बुकात नोंदलेला असेल, तर जाणकार तो ट्रकच्या आयुष्याचा भाग म्हणून स्वीकारतात. मूळ इंजिन कोठे अडगळीत पडले असेल, तर मात्र ते ट्रकसोबतच द्या, स्वतंत्र विकू नका. लाकडी हौद्याबद्दलही एक सांगतो : कारखान्यातून बहुधा चासीच येत असे आणि केबिन व हौदा स्थानिक सुतार-लोहार बांधत. म्हणून ‘मूळ बॉडी’ याचा अर्थ आपल्या बाबतीत वडिलांच्या वेळी बांधलेली बॉडी असा घ्यावा आणि तिची लाकडे बदलण्याआधी मापे व छायाचित्रे घेऊन ठेवावीत. हौद्यावरची चित्रे आणि अक्षरे तर अजिबात पुसू नका.

ट्रक भंगारात द्यायचाच झाला, तर तो नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रातच द्या आणि ठेव प्रमाणपत्र (वाहन मोडणीसाठी जमा केल्याचा दाखला) घ्या. वाहन नष्ट झाल्याची सूचना १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यावी, असे मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५५ सांगते. ती न दिल्यास वडिलांच्या नावावरचा क्रमांक कागदोपत्री जिवंत राहतो आणि त्याचा त्रास वारसांना होतो.

प्रश्न : आमच्या गावच्या घरी वाफेचा एक जुना रोलर आहे. इंग्लंडमध्ये त्याला चांगला भाव येईल असे येथील मित्र सांगतात. तो जहाजाने इकडे आणता येईल काय?
— एक वाचक, लेस्टर, इंग्लंड

उत्तर : आधी त्याचे वय ठरवा. पुरातन वस्तू व कला-संपदा अधिनियम १९७२ नुसार १०० वर्षांहून जुनी, गतकाळातील विज्ञान किंवा कारागिरीचे दर्शन घडवणारी वस्तू ‘पुरातन वस्तू’ या व्याख्येत येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १९२० च्या दशकातील रोलर आता या रेषेच्या अगदी काठावर आले आहेत. त्यामुळे बांधणीचे वर्ष पुराव्यानिशी सांगता आले पाहिजे आणि शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरातन नसल्याचा दाखला घेतल्याशिवाय यंत्र बंदराकडे हलवू नये.

भावाबद्दल मित्रांचे म्हणणे अर्धे खरे आहे. वाफेवर चालणाऱ्या रस्त्यावरील इंजिनांमध्ये जत्रेतल्या खेळांना वीज पुरवणारी सजवलेली इंजिने सर्वांत महाग असतात, नांगरणीची आणि ओढकामाची इंजिने त्याखाली आणि रोलर बहुधा सर्वांत खाली, कारण तिकडे रोलर पुष्कळ संख्येने शिल्लक राहिले आहेत. भाडे, विमा, बंदरावरचा खर्च आणि तेथील बॉयलर तपासणीसाठी लागणारी दुरुस्ती वजा केल्यावर हाती उरणारी रक्कम गावातल्या रकमेहून मोठी असेलच, असे नाही. हरियाणातील तावडू येथे वाहतुकीच्या वारशाला वाहिलेले हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात निजामाच्या रेल्वेवर वापरलेला १९१४ सालचा मॉरिस कंपनीचा आगीचा बंब जतन केलेला आहे. अशा संस्थांना छायाचित्रे पाठवून पाहावीत. आपण लेस्टरमध्ये आहात, तर रेडिंगच्या संग्रहालयात एक दिवस स्वतः जाऊन आपल्या रोलरचा क्रमांक तेथील कागदांत शोधणे शक्य आहे. गावाकडून क्रमांकाचे स्वच्छ छायाचित्र मागवून घ्या आणि जाण्याआधी तेथील वाचनकक्षाची वेळ ठरवून घ्या.